संदर्भ : डिजिटल नकाशांचे बदलते परवाने आणि छत्तीसगडपुढील प्रश्न

रायपूर : छत्तीसगडमधील शेतकरी आज आपल्या शेताचा नकाशा मोबाइलवर पाहू शकतो. गरियाबंद आणि धमतरी जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावकऱ्यांना हत्तींचा कळप जवळ आल्याची सूचना फोनवर मिळते. रायपूरमध्ये घरपोच सामान देणारा तरुण अनोळखी वस्तीतील घर पत्ता न विचारता शोधतो. या तिन्ही सोयी डिजिटल नकाशावर चालतात. तो नकाशा वापरण्याची परवानगी ज्या कराराने मिळते, त्याला परवाना म्हणतात. वापरणाऱ्याला तो दिसत नाही, पण सोय किती काळ चालेल, तिचा खर्च किती येईल आणि तिच्यात जमा होणारी माहिती कोणाच्या मालकीची राहील, हे त्याच कागदावर ठरते.

गेल्या काही वर्षांत नकाशा-सॉफ्टवेअर पुरविणाऱ्या जवळजवळ सर्व मोठ्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर विकसकांसाठीच्या परवान्यांचे पर्याय बदलले आहेत. काहींनी मोफत वापराची मर्यादा घटविली व पुढे पुन्हा वाढविली, काहींनी कायमस्वरूपी परवान्याऐवजी वर्गणी आणली, एका कंपनीने आपले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बंदिस्त केले, तर दुसरीने आपली नकाशा सेवाच गुंडाळण्याचे वेळापत्रक जाहीर केले. याच काळात भारत सरकारने नकाशे कोणी बनवावेत, कोणी साठवावेत आणि विदेशी कंपन्यांना ते कोणत्या अटींवर मिळावेत, याचे नियम नव्याने लिहिले. हे बदल काय आहेत आणि छत्तीसगडसारख्या राज्यातील सरकारी यंत्रणा व लहान सॉफ्टवेअर कंपन्यांवर त्यांचा कोणता परिणाम होतो, याचा हा आढावा.

परवाना नेमका कशाचा?

डिजिटल नकाशा ही एकसंध वस्तू नसून त्यात तीन थर असतात. पहिला थर माहितीचा : रस्ते, नद्या, गावांची नावे, सीमा, इमारती, उपग्रहचित्रे. दुसरा सॉफ्टवेअरचा : ही माहिती पडद्यावर रेखाटणारी, तिच्यावर मोजमाप व विश्लेषण करणारी प्रणाली. तिसरा सेवेचा : मागणी आली की नकाशाचे तुकडे पाठविणारे, पत्त्यावरून अक्षांश-रेखांश सांगणारे आणि मार्ग काढून देणारे सर्व्हर. विकसक आपल्या ॲपमधून या सर्व्हरशी ज्या दुव्याने बोलतो, त्याला एपीआय म्हणतात.

तिन्ही थरांचे परवाने वेगवेगळे असतात आणि बहुतेक गैरसमज ते एकच मानल्याने होतात. ओपनस्ट्रीटमॅप या जगभरातील स्वयंसेवकांनी उभारलेल्या नकाशाची माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येते, मात्र त्या प्रकल्पाचे सर्व्हर देणगीवर चालत असल्याने मोठ्या व्यावसायिक वापरासाठी ते खुले नाहीत. ज्याला मोठा वापर करायचा आहे, त्याने माहिती उतरवून घेऊन स्वतःचा सर्व्हर उभारावा, अशी अपेक्षा असते. याउलट गूगलच्या नकाशात सेवा सहज मिळते, पण माहिती हाती येत नाही. सेवेतून मिळालेले अक्षांश-रेखांश साठविण्याच्या मुदतीवर बंधन आहे. तेथील शोधाचे निकाल दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर दाखविण्यास आणि उपग्रहचित्रावरून इमारती किंवा तळी गिरवून स्वतःची माहिती तयार करण्यास सर्वसाधारण अटींनुसार मनाई आहे.

सरकारी कामात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. एखाद्या पंचायतीने गावातील तळी, विहिरी व पाणंद रस्ते अशा चित्रावरून गिरवून नोंदविले, तर श्रम पंचायतीचे असूनही त्या नोंदींच्या कायदेशीर वापराचा प्रश्न उभा राहू शकतो. तीच नोंद भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर किंवा प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या जीपीएस वाचनावर आधारलेली असेल, तर तो वाद उद्भवत नाही.

मोफत वापराच्या मर्यादेचा प्रवास

गूगलने २००५ मध्ये आपल्या नकाशाचा एपीआय विकसकांसाठी खुला केला. पुढील अनेक वर्षे लहान संकेतस्थळांना त्यासाठी पैसे मोजावे लागत नव्हते. दररोज २५ हजार वेळा नकाशा दाखविण्यापर्यंतचा वापर मोफत होता, म्हणजे महिन्याला सुमारे साडेसात लाख. जुलै २०१८ मध्ये कंपनीने १८ वेगवेगळे एपीआय नकाशे, मार्ग आणि स्थळे अशा तीन गटांत एकत्र केले व वापराएवढे पैसे ही पद्धत लागू केली. प्रत्येक खात्याला महिन्याला २०० डॉलरचा मोफत वापर मिळू लागला, मात्र बिल भरण्याची व्यवस्था, म्हणजे व्यवहारात बँकेचे कार्ड, खात्याशी जोडणे सक्तीचे झाले. परस्परसंवादी नकाशाचा दर हजार वेळांसाठी सात डॉलर होता. त्या हिशेबाने २०० डॉलरमध्ये सुमारे २८ हजार ५०० वेळाच नकाशा दाखविता येत होता. ज्यांनी खाते अद्ययावत केले नाही, त्यांच्या संकेतस्थळांवरील नकाशा काळवंडला आणि तो केवळ चाचणीपुरता असल्याची इंग्रजी सूचना त्यावर उमटू लागली.

१ ऑगस्ट २०२४ पासून कंपनीने भारतासाठी स्वतंत्र दरपत्रक लागू केले. बहुतेक सुविधांचे दर ७० टक्क्यांपर्यंत उतरले आणि हजार नकाशांचा दर सात डॉलरवरून दोन डॉलर १० सेंटवर आला. रुपयांत व्यवहार करण्याची सोय जाहीर झाली. ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स, म्हणजे ओएनडीसी या सरकारपुरस्कृत व्यापार-जाळ्यावरील विकसकांना निवडक सुविधांवर ९० टक्क्यांपर्यंत सवलत देऊ करण्यात आली.

१ मार्च २०२५ पासून २०० डॉलरची एकत्रित सवलत संपली. तिच्या जागी प्रत्येक सुविधेला स्वतंत्र मासिक मोफत मर्यादा आली. भारतीय दरपत्रकात ही मर्यादा मूलभूत गटातील सुविधांसाठी ७० हजार, मध्यम गटासाठी ३५ हजार आणि उच्च गटासाठी सात हजार वेळा आहे. सर्व सुविधा पूर्ण मर्यादेपर्यंत वापरल्यास त्यांचे एकत्रित मूल्य महिन्याला ६ हजार ८०० डॉलरपर्यंत जाते, असे कंपनीचे म्हणणे आहे.

हा आकडा मोठा दिसतो, परंतु त्याचा लाभ सर्वांना सारखा होत नाही. मार्ग, पत्ता, स्थळ आणि नकाशा अशा अनेक सुविधा एकत्र वापरणाऱ्या ॲपला नवी रचना निश्चितच किफायतशीर आहे. मात्र केवळ नकाशा दाखविणाऱ्या साध्या संकेतस्थळाचा हिशेब वेगळा होतो. ऑगस्ट २०२४ च्या भारतीय दरात २०० डॉलरमध्ये सुमारे ९५ हजार वेळा नकाशा दाखविता येत होता, आता मोफत मर्यादा ७० हजारांची आहे. एकाच सेवेची मोफत मर्यादा सात वर्षांत साडेसात लाखांवरून २८ हजार ५००, मग ९५ हजार आणि पुढे ७० हजार अशी तीनदा बदलली. दरकपात झाली तरी दर ठरविण्याचा अधिकार एकाच बाजूकडे राहिला, हे या आकड्यांतून दिसते.

इतर कंपन्यांचे बदल

अमेरिकेतील मॅपबॉक्स कंपनीचे संकेतस्थळावर नकाशा रेखाटणारे सॉफ्टवेअर अनेक वर्षे मुक्तस्रोत होते. कोणीही ते घ्यावे, बदलावे आणि दुसऱ्या कोणाच्याही माहितीसह वापरावे, अशी मुभा होती. डिसेंबर २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आणताना कंपनीने परवाना बदलला. नव्या आवृत्तीच्या वापरासाठी कंपनीचे खाते आवश्यक झाले व नकाशा उघडला की आकारणी सुरू झाली. जुनी आवृत्ती मात्र जुन्याच परवान्यावर राहिली, कारण एकदा दिलेला मुक्तस्रोत परवाना मागे घेता येत नाही. त्याच आवृत्तीवरून विकसकांच्या समूहाने मॅपलिब्रे नावाचा स्वतंत्र प्रकल्प सुरू केला आणि तो आजही खुला आहे.

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस क्षेत्रातील एस्री ही १९६९ मध्ये स्थापन झालेली कंपनी सरकारी कार्यालयांत व विद्यापीठांत सर्वाधिक परिचित आहे. तिच्या आर्कमॅप या संगणक-सॉफ्टवेअरवर देशातील नकाशा-तंत्रज्ञांची एक संपूर्ण पिढी शिकली. आर्कमॅपच्या अखेरच्या आवृत्तीचे पाठबळ १ मार्च २०२६ रोजी थांबविण्याचे वेळापत्रक कंपनीने बरेच आधी जाहीर केले होते. त्याची जागा घेणाऱ्या आर्कजीआयएस प्रो या सॉफ्टवेअरमध्ये परवाना प्रामुख्याने नाव नोंदविलेल्या वापरकर्त्याशी आणि वर्गणीशी जोडलेला आहे. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली पूरक साधने नव्या प्रणालीत जशीच्या तशी चालत नाहीत, त्यामुळे ती पुन्हा लिहावी लागतात. विकसकांसाठी कंपनीने वापराएवढे पैसे आकारणारी वेगळी व्यवस्था ठेवली असून तीत दरमहा नकाशाचे २० लाख तुकडे मोफत मिळतात. पत्त्यावरून काढलेले अक्षांश-रेखांश केवळ पडद्यावर दाखवायचे की कायम साठवायचे, यानुसार तेथे दर वेगळा आहे. साठवणुकीचा अधिकार हीच स्वतंत्र किमतीची बाब असल्याचे त्यातून स्पष्ट होते.

मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये बिंग मॅप्सची व्यावसायिक सेवा बंद करून ग्राहकांना अझूर मॅप्सकडे नेण्याचा निर्णय जाहीर केला. मोफत खात्यांसाठी ३० जून २०२५ आणि सशुल्क खात्यांसाठी ३० जून २०२८ ही मुदत ठरविण्यात आली. बिंगवर आधारलेली ॲप चालू ठेवायची, तर त्यांची जोडणी नव्याने करणे भाग आहे.

भारतातील नियम : बंदीकडून परवानगीकडे

भारतात नकाशा दीर्घकाळ शासनाच्या कुलुपात होता. सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून जे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, ते पुढे मध्य भारतात पोहोचले. त्या मोहिमेवर असतानाच १८२३ मध्ये लॅम्बटन यांचा वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मृत्यू झाला. तेव्हापासून सूक्ष्म नकाशे ही लष्करी महत्त्वाची वस्तू मानली गेली. स्वातंत्र्यानंतरही या दृष्टिकोनात फारसा फरक पडला नाही.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी व नागरिकांसाठी अशा दोन स्वतंत्र मालिका केल्या. मे २०१६ मध्ये केंद्राने भूस्थानिक माहितीच्या नियमनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. अशी माहिती मिळविण्यासाठी व वापरण्यासाठी शासकीय परवाना आणि उल्लंघनासाठी १०० कोटी रुपयांपर्यंत दंड व सात वर्षांपर्यंत कैद अशा त्यातील तरतुदी होत्या. तीव्र आक्षेपांनंतर तो मसुदा पुढे सरकला नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी चित्र उलटे केले. भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी, साठविण्यासाठी वा प्रसिद्ध करण्यासाठी पूर्वपरवानगी, सुरक्षा तपासणी किंवा परवान्याची गरज उरली नाही. नियम पाळल्याचे स्वयंप्रमाणपत्र पुरेसे ठरले. अचूकतेची एक सीमारेषा मात्र आखण्यात आली : आडव्या दिशेने एक मीटर आणि उभ्या दिशेने तीन मीटर. याहून सूक्ष्म माहिती केवळ भारतीय संस्थांनी तयार करावी आणि ती भारतातच साठवावी, असा नियम आहे. रस्त्यावरून फिरत्या वाहनाने केलेले चित्रण अचूकता कितीही असली तरी फक्त भारतीय संस्थांनीच करायचे आहे.

विदेशी कंपन्यांना ही सूक्ष्म माहिती हवी असल्यास ती भारतीय संस्थेकडून परवान्याने घ्यावी लागते आणि तीही भारतातील ग्राहकांना सेवा देण्यापुरतीच. माहिती एपीआयच्या मार्गानेच मिळावी, विदेशी कंपनीच्या सर्व्हरमधून ती जाऊ नये आणि तिची पुनर्विक्री होऊ नये, अशा अटी आहेत. जुलै २०२२ मध्ये गूगलने भारतात स्ट्रीट व्ह्यू सुरू केले ते याच मार्गाने. जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांनी चित्रण केले व गूगलने ते परवान्याने घेतले. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही महाराष्ट्रातील चार शहरे होती. छत्तीसगडमधील एकाही शहराचा त्या यादीत समावेश नव्हता.

डिसेंबर २०२२ मधील राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने २०३० पर्यंत शहरी व ग्रामीण भागाचे पाच ते दहा सेंटिमीटर आणि वन व पडीक क्षेत्राचे ५० ते १०० सेंटिमीटर सूक्ष्मतेचे नकाशे तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. ही सर्व माहिती एक मीटरच्या सीमारेषेच्या आतली आहे. यापुढे तयार होणारे सर्वात मोलाचे नकाशे भारतीय संस्थांच्याच हाती असतील, असा याचा अर्थ होतो.

छत्तीसगडचे दोन नमुने

सुमारे १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्राच्या छत्तीसगडमध्ये नोंदणीकृत वनक्षेत्र सुमारे ४४ टक्के आहे. वनहक्कांचे दावे, खाणींचे पट्टे, धानखरेदीसाठी पिकाखालील क्षेत्राची नोंद आणि मानव-हत्ती संघर्ष हे राज्यातील कळीचे विषय असून यांतील प्रत्येकाचा निवाडा शेवटी नकाशावरच होतो. त्यामुळे नकाशाच्या परवान्याची निवड हा येथे निव्वळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे राज्यासाठीचे केंद्र रायपूरमध्ये आहे. राज्याची माहिती-तंत्रज्ञानविषयक कामे छत्तीसगड इन्फोटेक प्रमोशन सोसायटी म्हणजे ‘चिप्स’ पाहते.

भूमिअभिलेखांसाठी राज्याने ‘भुइयाँ’ हे संकेतस्थळ चालविले आहे. छत्तीसगडीत या शब्दाचा अर्थ जमीन असा होतो. महाराष्ट्रात तलाठी आणि सातबाऱ्याचे जे स्थान आहे, ते येथे पटवारी आणि बी-१ व खसरा या नोंदींचे आहे. खसऱ्याचा नकाशा ‘भू-नक्शा’ या प्रणालीवर दिसतो. नकाशातील तुकडा निवडला की त्या जमिनीची नोंद समोर येते. ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्तस्रोत साधनांवर विकसित केली आहे. महाराष्ट्रातील ‘महाभूनकाशा’ ही सेवाही त्याच प्रणालीवर चालते. किती शेतकऱ्यांनी किती वेळा नकाशा उघडला, यानुसार कोणत्याही विदेशी कंपनीचे बिल येथे वाढत नाही. पेरणीच्या किंवा धान विक्री-नोंदणीच्या दिवसांत वापर अचानक वाढतो, तेव्हा हा फरक लक्षणीय ठरतो.

दुसरा नमुना जंगलातील आहे. उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्पात २०२३ मध्ये हत्तींच्या हालचालींची पूर्वसूचना देणारे ॲप वापरात आले. हत्तींच्या मागावर असणारे कर्मचारी व हत्ती मित्र दलाचे सदस्य पाऊलखुणा, कळपाचा आकार आणि ठिकाण मोबाइलवर नोंदवितात, आणि १० किलोमीटरच्या परिघातील नोंदणीकृत गावकऱ्यांना फोन व संदेशाद्वारे सूचना जाते. नोंदी घेण्यासाठी ओपन डेटा किट हे मुक्तस्रोत साधन निवडण्यात आले. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेले हे साधन मोबाइल जाळे नसतानाही नोंद साठवून ठेवते आणि जाळे मिळताच ती पुढे पाठविते. उदंतीच्या जंगलात ही सोय निर्णायक आहे. सूचना वेळेवर न मिळाल्यास येथे जीव जातो. अशा सेवेचा मोफत कोटा महिनाअखेर संपून चालत नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशातूनही असेच उदाहरण पुढे आले आहे. शहरी मालमत्तांच्या नोंदीसाठी केंद्राने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी रायसेन येथून ‘नक्शा’ हा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात १५२ नागरी संस्था आहेत. त्याची वेब-प्रणाली मध्य प्रदेश राज्य इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाकडे आणि माहितीची साठवणूक राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सेवा कंपनीकडे सोपविण्यात आली. ग्रामीण भागासाठीची ‘स्वामित्व’ योजना याआधी २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली होती. ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा तिचा प्राथमिक प्रयोग पुणे जिल्ह्यातील सोनोरी गावात झाला होता.

मुक्त म्हणजे विनाअट नव्हे

मुक्तस्रोताची वाटही अटींशिवाय नाही. ओपनस्ट्रीटमॅपने १२ सप्टेंबर २०१२ रोजी आपला परवाना बदलला. नव्या ओपन डेटाबेस परवान्यानुसार श्रेयनिर्देश बंधनकारक आहे. शिवाय या माहितीत भर घालून तयार केलेला डेटाबेस सार्वजनिक केल्यास तोही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. एखाद्या विभागाने आपली संवेदनशील माहिती नकळत त्यात मिसळली, तर पुढे अडचण येऊ शकते. दोन्ही माहिती वेगवेगळ्या थरांत ठेवणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे.

दुसरी अडचण सीमांची. फौजदारी कायदा (दुरुस्ती) अधिनियम, १९६१ नुसार सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परदेशातील अनेक खुल्या व सशुल्क नकाशांत जम्मू-काश्मीर, लडाख किंवा अरुणाचल प्रदेशाच्या सीमा भारताच्या अधिकृत भूमिकेनुसार नसतात. सॉफ्टवेअरचा परवाना वैध असला तरी ही जबाबदारी प्रकाशकावरच राहते. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी राजकीय नकाशांसाठी सर्वेक्षण विभागाची सीमामाहिती प्रमाण मानली असून ती विनामूल्य उपलब्ध करण्याची तरतूद केली आहे. ॲप सार्वजनिक करण्यापूर्वी तीच सीमारेषा बसविणे आवश्यक आहे.

तिसरी बाब खर्चाची. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला परवानाशुल्क नसते, परंतु सर्व्हर, सुरक्षा, अद्ययावतीकरण आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा खर्च टळत नाही. जेथे दोन-तीन तंत्रज्ञही नाहीत, अशा लहान नगरपालिकेला सशुल्क तयार सेवा अधिक परवडू शकते. २००२ मध्ये सुरू झालेल्या क्यूजीआयएस या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा अभ्यासक्रमात जितका समावेश होईल, तितका मनुष्यबळाचा हा प्रश्न हलका होईल.

देशी पर्याय आणि स्पर्धा

इस्रोने १२ ऑगस्ट २००९ रोजी ‘भुवन’ हे संकेतस्थळ सुरू केले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मॅपमायइंडिया कंपनीचे नकाशे अनेक मोटारींत व सरकारी सेवांत वापरले जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये या दोघांनी सहकार्याचा करार केला. जुलै २०२४ मध्ये ओला समूहाने गूगलचे नकाशे सोडून स्वतःच्या नकाशांकडे वळल्याचे आणि त्यातून वर्षाकाठी सुमारे १०० कोटी रुपये वाचणार असल्याचे सांगितले. विकसकांना वर्षभर मोफत वापरही देऊ केला. त्याच महिन्यात गूगलची भारतासाठीची दरकपात जाहीर झाली. पर्याय उपलब्ध असले की परवान्याच्या अटी सैल होतात, हे या घडामोडींनी दाखविले.

मात्र देशी परवान्यालाही अटी असतात. मॅपमायइंडियाची मूळ कंपनी सीई इन्फो सिस्टिम्सने त्याच महिन्यात ओला इलेक्ट्रिकला नोटीस बजावून, २०२१ च्या परवाना कराराचा भंग करून आपली माहिती वापरल्याचा आरोप केला. ओला इलेक्ट्रिकने तो फेटाळला. एका कंपनीकडून माहिती घेत असताना स्वतःचा नकाशा उभारणाऱ्यांनी कराराची भाषा किती बारकाईने पाहावी, याची जाणीव या वादाने करून दिली.

निविदेपूर्वी काय पाहावे?

केंद्र सरकारच्या २०१५ च्या मुक्तस्रोत धोरणानुसार सॉफ्टवेअर खरेदीच्या प्रस्तावात मुक्तस्रोत पर्यायाला प्राधान्य देणे आणि तो डावलल्यास कारण नोंदविणे अपेक्षित आहे. मात्र पर्याय कोणताही निवडला, तरी विकसक व सरकारी कार्यालयांनी पुढील मुद्दे करारात लेखी स्वरूपात घेणे हिताचे ठरते.

पहिला, माहितीची मालकी. कर्मचारी वा नागरिक ज्या नोंदी करतील, त्या कोणाच्या आणि करार संपल्यावर त्या सर्वमान्य खुल्या स्वरूपात परत मिळतील का.

दुसरा, साठवणूक. सेवेतून मिळालेले अक्षांश-रेखांश, मार्ग किंवा पत्ते किती काळ जवळ ठेवता येतात.

तिसरा, दरवाढ. मोफत मर्यादा किंवा दर बदलल्यास किती महिन्यांची पूर्वसूचना मिळेल आणि करारकाळात दर स्थिर राहील का. सेवेवर खर्चाची कमाल मर्यादा घालून ठेवणेही आवश्यक आहे. तसे न केल्यास एखाद्या सदोष आज्ञावलीमुळे एका रात्रीत मोठे बिल येऊ शकते. मात्र तातडीच्या सेवेत ती मर्यादा गाठताच नकाशा बंद पडू नये, यासाठी पर्यायी सर्व्हरची तजवीज हवी.

चौथा, आवृत्तीचे आयुष्य. वापरात असलेल्या आवृत्तीचे पाठबळ केव्हा संपते आणि नव्या आवृत्तीत जुने काम नेण्याचा खर्च कोण करील.

पाचवा, अचूकता व ठिकाण. माहिती एक मीटरहून सूक्ष्म असल्यास ती देशाबाहेरच्या सर्व्हरवर जाणार नाही, याची हमी.

सहावा, बदलण्याची सोय. ॲपची रचना अशी असावी की माहिती, सॉफ्टवेअर आणि सेवा यांपैकी एक थर बदलला तरी उरलेले दोन चालू राहतील. मॅपबॉक्सचा परवाना बदलला तेव्हा ज्यांची रचना अशी सुटी होती, ते मॅपलिब्रेकडे तुलनेने सहज वळू शकले.

रायपूरच्या एखाद्या लहान कंपनीला हे सहा प्रश्न विचारण्यास अर्धा दिवस पुरेसा आहे. ते न विचारता उभारलेली सेवा बदलण्यास मात्र वर्ष लागू शकते. छत्तीसगडमध्ये गावठाणांची मोजणी, वनहक्कांचे नकाशे आणि पिकांच्या डिजिटल नोंदी येत्या काळात वाढत जाणार आहेत. पटवाऱ्याच्या कापडी नकाशाची प्रत कशी व कोठून मिळवायची, हे गावकऱ्याला ठाऊक होते. त्याची जागा घेणाऱ्या डिजिटल नकाशाबाबतही तीच खात्री त्याला मिळावयाची असेल, तर तिची तरतूद परवान्याच्या मजकुरातच करावी लागेल.